उच्च शिक्षणातील पुरुष अध्यापक : विकसनशील देशांतील संख्येची तुलना

विद्यापीठे, महाविद्यालये आणि तत्सम संस्थांत शिकवणाऱ्या पुरुषांची देशवार मोजदाद करून ती शेजारी शेजारी मांडण्याची सांख्यिकीय पद्धत. देशोदेशींच्या सरकारांनी पाठवलेली माहिती युनेस्कोच्या मॉन्ट्रियल येथील सांख्यिकी संस्थेत (स्थापना १९९९) जमा होते; जागतिक बँकेच्या तक्त्यांत तीच पुढे दिसते. बारावीनंतरच्या अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमापासून पीएच.डी.पर्यंत शिकवणारे सगळे यात येतात. गंमत म्हणजे जागतिक बँकेचा यासंबंधीचा निर्देशांक पुरुषांच्या नावाचा नाहीच. तो स्त्रियांचे शेकडा प्रमाण सांगतो. पुरुष काढायचे ते वजाबाकी करून.

भारताचे आकडे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून मिळतात. हे सर्वेक्षण २०१०-११ पासून होते. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १५.९८ लाख अध्यापक होते. त्यांत ६.९४ लाख स्त्रिया, म्हणजे पुरुष ९.०४ लाखांच्या आसपास. भूतानची सगळी लोकसंख्याही याहून कमी भरते, तेव्हा नुसत्या संख्येवर देशांची क्रमवारी लावण्यात फारसा अर्थ नाही. २०१४-१५ मध्ये अध्यापिका ५.६९ लाख होत्या आणि दर १०० पुरुषांमागे त्यांचे प्रमाण ६३ होते. गणित केले तर तेव्हाचे पुरुषही नऊ लाखच निघतात. सात वर्षांत स्त्रिया सव्वा लाखाने वाढल्या, पुरुष होते तिथेच राहिले. पुरुषांची टक्केवारी उतरली ती पुरुष घटल्यामुळे नव्हे. टक्केवारीवरून ‘पुरुष शिक्षकी पेशा सोडत आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हा हिशेबही निर्धोक नाही. २०१५-१६ मध्ये १५ लाखांच्या वर असलेली अध्यापकांची एकूण संख्या २०१७-१८ मध्ये १२.८४ लाखांवर आली आणि २०१९-२० मध्ये पुन्हा १५ लाखांवर गेली. दोन वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे घरी गेली आणि पुढच्या दोन वर्षांत परतली, असे कोणी मानत नाही. मधल्या काळात प्रत्येक अध्यापकाची नावानिशी, आधार क्रमांकासह नोंद घेणे सुरू झाले होते. एकाच वेळी तीन किंवा अधिक ठिकाणी पूर्णवेळ शिकवत असल्याचे दाखवणारे ८० हजार अध्यापक सापडल्याचे तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले होते.

संख्या एक सांगते आणि टक्केवारी दुसरेच, हा धडा चीनशी तुलना करताना वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. तेथील नियमित उच्च शिक्षण संस्थांत २०२० च्या सुमारास साधारण १८ लाख पूर्णवेळ अध्यापक होते आणि त्यांत पुरुष निम्म्याच्या आसपास. म्हणजे पुरुषांची संख्या दोन्ही देशांत जवळजवळ सारखी, प्रमाण मात्र भारतात ५७ टक्क्यांच्या घरात. फिलिपीन्समध्ये अध्यापिकाच बहुसंख्य आहेत. म्यानमारमध्ये तर अनेक वर्षे पाचांत जेमतेम एक पुरुष दिसे. इथिओपियात चित्र नेमके उलटे, पुरुषांचेच राज्य. अफगाणिस्तानात डिसेंबर २०२२ पासून मुलींना विद्यापीठे बंद झाली. उद्याच्या अध्यापिका ज्या वर्गांतून यायच्या तेच वर्ग मिटले, त्यामुळे तेथील पुरुषांचे प्रमाण कशामुळे वाढेल ते वेगळे सांगायला नको.

‘विकसनशील’ कोणाला म्हणायचे, हाही घोळ आहेच. जागतिक व्यापार संघटनेत देश स्वतःच तसे जाहीर करतात. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशांकांच्या ग्रंथातून विकसित-विकसनशील हा भेद काढून टाकला आणि आता ती उत्पन्नगटांवर भागवते. चीन यादीत धरला की न धरला, एवढ्यावर एकूण बेरीज लाखांनी हलते.

पदांची उतरंड पाहिली तर पुरुष कुठे जास्त आहेत ते कळते. मराठीत कॉलेजात शिकवणारा प्रत्येक जण ‘प्राध्यापक’च, पण सर्वेक्षणातला प्राध्यापक म्हणजे सर्वांत वरचे पद. भारतात त्या पायरीवर साधारण तीनचतुर्थांश पुरुष आहेत. ट्यूटर आणि डेमॉन्स्ट्रेटर या तळाच्या पदांवर स्त्रिया पुरुषांहून अधिक. राज्याराज्यांतही फरक मोठा. केरळ आणि गोव्यात अध्यापिका जास्त, तर बिहारमध्ये पुरुषांचे प्रमाण चारपंचमांशाच्या जवळ गेलेले आढळले आहे.

डोकी मोजायची की काम, हा प्रश्न महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील अध्यापकांपाशी येऊन अडतो. घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणाऱ्या या अध्यापकांना कॉलेजात ‘सीएचबी’वाले (क्लॉक अवर बेसिस) म्हणतात. सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, मग एस.टी. पकडून दुसऱ्या गावी दुपारचे तास घेणारा माणूस डोकी मोजली तर एक भरतो, प्रत्येक कॉलेजच्या तक्त्यातून बेरीज केली तर दोन, आणि पूर्णवेळ कामाच्या मापात घातला तर कदाचित अर्धाच.