‘रिव्हर्ट’ या क्रियापदाची पार्श्वभूमी

‘कृपया पाहून रिव्हर्ट करावे’ या ओळीने संपणारा ईमेल ज्याला कधीच आला नाही, असा नोकरदार आज सापडणे अवघड आहे. या ओळीत रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणे, एवढेच अपेक्षित असते. क्रियापदाचा मूळ अर्थ मात्र वेगळा आहे: मधल्या काळात बदललेली गोष्ट आपल्या आधीच्या अवस्थेला, आधीच्या पद्धतीवर किंवा आधीच्या मालकाकडे जाणे. मराठीत त्यासाठी ‘पूर्ववत होणे’, ‘मूळ पदावर येणे’ असे शब्दप्रयोग आहेत. सुटलेली सवय पुन्हा जडली की आपण ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणतो, तीही याच अर्थाची छटा. ‘परतणे’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, पण तो पुरा पडत नाही. माणूस प्रवासाहून परततो, तेव्हा इंग्रजीत रिव्हर्ट वापरत नाहीत.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘रेव्हर्तेरे’मध्ये आहे. ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणे. हे ‘व्हर्तेरे’ आणि संस्कृतातील ‘वृत्’ धातू एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. त्यामुळे ‘प्रत्यावर्तन’ हा शासकीय मराठीतील जड वाटणारा प्रतिशब्द, गंमत म्हणजे, रिव्हर्टचा दूरचा भाऊबंदच ठरतो. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत उतरला.

त्याला खरी धार आली ती जमिनीच्या कायद्यात. एखाद्याने आपली जमीन दुसऱ्याला त्याच्या हयातीपुरती दिली, तर त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ती मूळ मालकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे येते. या हक्काला ‘रिव्हर्शन’ म्हणतात. ताबा दुसऱ्याकडे असतानाही हा हक्क पहिल्या मालकापाशी शिल्लक असतो, फक्त त्याचा उपभोग लांबणीवर पडलेला असतो. माझ्या मते क्रियापदाचा गाभा येथेच सापडतो, कारण रिव्हर्ट म्हणताना आधीची अवस्था हक्काची आणि मधली तात्पुरती, असे गृहीत धरलेले असते.

भारतातील न्यायालयांत हा शब्द हिंदू विधवेच्या मिळकतीच्या खटल्यांतून रुळला. पतीच्या मिळकतीवर तिला मर्यादित हक्क असे. तिच्या मृत्यूनंतर मिळकत तिच्या वारसांकडे न जाता पतीच्या तेव्हा हयात असलेल्या निकटच्या वारसांकडे जाई, आणि त्या वारसांना ‘रिव्हर्शनर’ म्हणत. विधवेने केलेली विक्री रद्द ठरवून घेण्यासाठी या मंडळींनी भरलेल्या दाव्यांनी जुने निकालसंग्रह भरलेले आहेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील अशा मिळकतीवर तिला पूर्ण मालकी दिली आणि बहुतेक ठिकाणी या शब्दाचे कामच संपले.

सेवाविषयक कायद्यात तो अजून जिवंत आहे. स्थानापन्न म्हणून, म्हणजे तात्पुरते, वरच्या पदावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला खालच्या मूळ पदावर पाठवणे म्हणजे रिव्हर्शन. पण ही शिक्षा समजायची का? पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले की, वरच्या पदावर राहण्याचा हक्कच नसेल, तर मूळ पदावर पाठवणे ही एरवी शिक्षा ठरत नाही. मात्र त्यासोबत वेतन, ज्येष्ठता यांसारखी दंडात्मक हानी होत असेल, तर बाजू मांडण्याची संधी न देता पदावनती करण्यास मनाई करणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण लागू होते.

जीवशास्त्राने हा शब्द घेतला तेव्हा मालकाच्या जागी पूर्वज आले. डार्विनने पांढरीशुभ्र फॅनटेल आणि काळीभोर बार्ब कबुतरे यांचा संकर केला, तेव्हा तपकिरी-काळ्या ठिपक्यांची पिल्ले झाली. त्यांचा आपसात संकर केल्यावर नातवंडांतील एक पक्षी निळसर, पांढऱ्या पाठमुळाचा आणि पंखांवर दोन काळे पट्टे असलेला, म्हणजे थेट रानकबुतरासारखा निपजला. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्याने हे रिव्हर्शनचे उदाहरण म्हणून नोंदवले आहे. पुढे १८७७ मध्ये आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्सिस गाल्टननेही गोड वाटाण्याच्या बियांच्या आकाराबाबत आधी ‘रिव्हर्शन’ हाच शब्द वापरला आणि नंतर तो बदलून ‘रिग्रेशन’ केला. दोन गोष्टींमधील सहसंबंध दाखवणारे संख्याशास्त्रातील ‘आर’ हे चिन्ह त्या पहिल्या शब्दाची खूण आहे.

संगणकाच्या क्षेत्रात हे मुख्यतः अकर्मक क्रियापद सर्रास सकर्मक झाले: गोष्ट आपोआप पूर्ववत होत नाही, कोणीतरी ती पूर्ववत करतो. प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ प्रणालीत या नावाची आज्ञा दिली, तर जुनी नोंद पुसली जात नाही. तिचा परिणाम उलटवणारी नवी नोंद तिच्यापुढे जोडली जाते, आणि दोन्ही इतिहासात राहतात.

उत्तर देण्याचा अर्थ भारत, सिंगापूर, मलेशिया येथील इंग्रजीत प्रचलित आहे. ‘मूळ विषयाकडे वळणे’ या जुन्या अर्थापासून ‘पत्र पाठवणाऱ्याकडे वळणे’ हे अंतर तसे फार नाही, म्हणून त्याला सरसकट चूक म्हणणे मला पटत नाही. अडचण होते ती दोन्ही अर्थ एकाच खोलीत नांदतात तेव्हा. ‘कालच्या बदलाचे रिव्हर्ट करा’ असे सांगितल्यावर एक जण उत्तर लिहायला बसतो आणि दुसरा तो बदलच मागे घेऊन मोकळा होतो.