चौथीनंतरचा दाखला: अर्ज, कागदपत्रं आणि घरी नेण्याआधी तपासायच्या नोंदी

निकालाच्या दिवशी चौथीच्या मुलांच्या घरी दोन कागद येतात, प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला. प्रगतिपुस्तक शाळेच्या ओट्यावरच उघडून बघितलं जातं. दाखल्याची मात्र घडी घालून तो पिशवीत टाकला जातो आणि जूनमध्ये नव्या शाळेत नाव घालताना बाहेर निघतो. त्यात चूक असेल तर ती तेव्हा कळते. तोवर मुलाचं नाव जुन्या शाळेच्या पटावरून कमी झालेलं असतं आणि दुरुस्तीचं काम कितीतरी पटींनी लांबतं.

ज्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा खासगी शाळा चौथीपर्यंतच आहेत, त्यांच्या पालकांसाठी ही माहिती आहे. शाळा पाचवीपर्यंत असेल तर हेच सगळं एक वर्षाने करायचं, पण त्यात एक वेगळी गोष्ट आहे. ती पुढे येईल.

दाखला कोणाला मिळतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, म्हणजे आरटीई कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे, शाळेत आठवीपर्यंतची सोय नसेल तर मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. गाव बदललं किंवा इतर कुठल्या कारणाने शाळा बदलायची असली, तरीही हा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. विनाकारण उशीर लावला तर त्यांच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

फी थकली म्हणून दाखला अडवून ठेवणंही याच कलमात बसत नाही. फी वसूल करायचा मार्ग वेगळा आहे, त्यासाठी मुलाचं शिक्षण थांबवता येत नाही. असं झालं तर आधी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मग तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे तक्रार करा. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद राहत नाही.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. दाखला आला नाही एवढ्याच कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही किंवा लांबवू शकत नाही. मुलाला आधी वर्गात बसवायचं, दाखला मागाहून मागवायचा. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही.

मात्र कलम ५ चा हक्क विनाअनुदानित खासगी शाळेत जाण्यासाठी लागू होत नाही. खासगी शाळेत आरटीईच्या २५ टक्के राखीव मोफत जागांवर शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं. त्या जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच भरल्या जातात. मधूनच ती शाळा सोडली तर दुसऱ्या खासगी शाळेत तशीच मोफत जागा आपोआप मिळत नाही.

अर्ज कसा द्यायचा

साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज पुरतो. त्यात मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टरचा (शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीचा) नंबर माहीत असेल तर तो, कुठल्या शाळेत जायचं आहे आणि शाळा सोडण्याचं कारण एवढं लिहा. चौथी पूर्ण झाली असेल तर "पुढील शिक्षणासाठी" हे कारण पुरेसं आहे. खाली तारीख, सही आणि मोबाइल नंबर. शाळेच्या नोंदीत ज्या पालकाचं नाव आहे त्यानेच सही करावी. मामा किंवा काका येणार असतील तर पालकांचं संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत त्यांच्याबरोबर द्या.

अर्जाला मुलाच्या जन्मदाखल्याची आणि आधारची झेरॉक्स जोडा. दाखला मिळण्यासाठी या प्रती अडत नाहीत, पण लिहिणाऱ्या शिक्षकांसमोर त्या असल्या की नोंदी तिथल्या तिथे ताडून बघता येतात. ग्रंथालयाची पुस्तकं परत करून टाका. जिल्हा परिषद शाळेत पहिल्या दाखल्याला पैसे लागत नाहीत.

अर्ज निकालाच्या दिवशी देऊ नका, आठ-दहा दिवस आधी द्या. निकाल साधारण १ मेच्या सुमारास लागतो. त्या आठवड्यात शिक्षकांकडे संकलित मूल्यमापनाचे गुण, नोंदपत्रकं, प्रगतिपुस्तकं आणि पोर्टलवरच्या नोंदी ही सगळी कामं एकदम असतात. घाईत लिहिलेल्या दाखल्यातच चुका राहतात.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा

दाखला ही जनरल रजिस्टर नंबर १ ची नक्कल असते. दाखल्याच्या तळाशी तसं प्रमाणितही केलेलं असतं. म्हणून दाखल्यात काही चुकलेलं दिसलं तर पहिला प्रश्न असा विचारायचा: चूक नक्कल करताना झाली, की मुळात रजिस्टरमध्येच आहे? नक्कल चुकली असेल तर मुख्याध्यापक त्याच दिवशी नवा दाखला लिहून देऊ शकतात. रजिस्टरच चुकलेलं असेल तर काम मोठं आहे.

नावापासून सुरुवात करा. रजिस्टरमध्ये "ओंकार बाळू", आधारवर "ओमकार बाळासाहेब" आणि जन्मदाखल्यावर फक्त "बाळ" अशी तीन रूपं एकाच मुलाची सापडतात. अनुस्वार आणि "म" हा फरक घरी किरकोळ वाटतो, पण आधारशी पडताळणी करताना संगणक नाव, लिंग आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघतो. वडिलांचं घरातलं नाव पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी तोंडी सांगितलं गेलं असेल, तर दहावीपर्यंत तेच नाव मुलाच्या पाठीशी राहतं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. तेही वाचा, कारण माहेरचं आणि सासरचं नाव इथे बऱ्याचदा सरमिसळ झालेलं असतं.

मग जन्मतारीख. अंकी आणि अक्षरी दोन्ही वाचा. अंकात १२-०७-२०१६ आणि अक्षरात "सात डिसेंबर दोन हजार सोळा" असं झालं असेल, तर दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली आहे. आजोबांच्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण तारीख माहीत नसली की गुरुजी तीच लिहून टाकायचे. आता जन्मनोंद असते, त्यामुळे अंदाजाने लिहायचं कारण उरलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा कायदेशीर पुरावा ठरवलेला आहे.

धर्म, जात आणि पोटजात या रकान्यांवर सर्वांत जास्त वेळ द्या. पुढे जातपडताळणीच्या वेळी समिती कुटुंबातल्या शाळेच्या नोंदी मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे बघितले जातात आणि मुलाची नोंद त्यांच्याशी जुळावी लागते. आजोबांच्या दाखल्यावर पोटजातीसह नोंद आहे आणि नातवाच्या दाखल्यावर नुसतं "हिंदू" आहे, अशा घरांना बारावीनंतर प्रवेशाच्या ऐन घाईत धावाधाव करावी लागते. वडिलांचा जातीचा दाखला किंवा वडिलांचा शाळेचा दाखला बरोबर नेला तर रकाना तिथेच ताडून बघता येतो.

जन्मस्थळाच्या रकान्यात गाव, तालुका आणि जिल्हा जन्मदाखल्याप्रमाणे हवा. बाळंतपण माहेरी किंवा शहरातल्या दवाखान्यात झालं असेल आणि रजिस्टरमध्ये राहतं गाव लिहिलेलं असेल, तर तीही चूकच. शेवटी शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, कारण, शेरा, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का बघा. शिक्का पुसट उमटला असेल तर पुन्हा मारून घ्या. खाडाखोड असलेला दाखला घेऊच नका.

तीन नंबर लिहून ठेवा

सरल, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो. यू-डायस प्लस या केंद्राच्या शाळा-नोंदणी पोर्टलवरचा कायम शिक्षण क्रमांक, ज्याला शाळेत सगळे "पेन" म्हणतात, तो ११ अंकी असतो. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) तयार झालेला असेल तर तो १२ अंकी. शाळेचा यू-डायस क्रमांकही ११ अंकीच असल्याने पेनच्या जागी चुकून तो लिहिला जातो. नंबर दाखल्यावर नसतील तर वर्गशिक्षकांकडून वहीत लिहून घ्या.

कागदी दाखला मिळाला म्हणजे मूल पोर्टलवरूनही सुटलं असं नसतं. यू-डायस प्लसवर जुन्या शाळेने आधी वर्षअखेरची नोंद करायची, मग मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत टाकायचं. नवी शाळा पेन आणि जन्मतारीख टाकून तिथून त्याला आपल्याकडे घेते. सरलमध्ये याउलट होतं: नवी शाळा विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मंजूर करते. जुन्या शाळेकडून हे राहून गेलं तर मूल पाचवीच्या वर्गात बसलेलं असतं आणि पोर्टलवर मात्र जुन्याच शाळेत दिसतं. मग नवी शाळा "तुमचं नाव येत नाही" असं सांगते आणि पालकांना दोन्हीकडे फेऱ्या माराव्या लागतात. शिक्षकांची पदं पटावर आणि आधार पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांवर ठरत असल्याने दोन्ही शाळांना हा आकडा महत्त्वाचा असतो. जूनच्या शेवटी नव्या शाळेत एकदा विचारून या: मूल ऑनलाइन आलं का?

आधारचं एक काम सुट्टीतच उरकून घ्या. लहानपणी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे, डोळे आणि फोटो द्यावे लागतात आणि चौथीच्या कितीतरी मुलांचं ते राहिलेलं असतं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून आधी जन्मदाखला बरोबर आहे याची खात्री करा आणि मगच आधार केंद्रावर जा. जन्मनोंदीत बाळाचं नाव घालायचंच राहिलं असेल तर ते नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. त्यासाठी जन्म जिथे नोंदला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावं लागतं.

रजिस्टरमध्येच चूक असेल तर

तर दाखला घेऊ नका. आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. मूल पटावर असताना दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यावर मात्र उघड दिसणाऱ्या लेखनदोषापलीकडे काही बदलून घेणं फार अवघड जातं.

नाव, जन्मतारीख किंवा जात मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात खोडून बदलू शकत नाहीत. त्यांनी प्रस्ताव करायचा आणि तो गटशिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत मंजुरीसाठी जातो. प्रस्तावाला पालकांचा अर्ज, जन्मदाखला, आधार, पहिलीच्या प्रवेश अर्जाची प्रत आणि रजिस्टरचा प्रमाणित उतारा लागतो. जातीसाठी वडिलांचा जातीचा दाखला आणि वडील, चुलते, आजोबा यांच्या शाळेचे उतारे जोडा. मंजुरी आली की रजिस्टरमध्ये दुरुस्ती करून शेजारी आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहिली जाते. ती नोंद झालेली डोळ्यांनी बघा आणि आदेशाची एक प्रत घरी ठेवा. प्रस्ताव बहुतेक वेळा एका कारणाने परत येतो: जोडलेल्या कागदांमध्येच आपसांत मेळ नसतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जन्मदाखला, मग रजिस्टर, शेवटी आधार.

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. ही मुलं साधारण २०३० मध्ये पहिलीत येतील. आताच्या चौथीच्या मुलांनी त्यासाठी काही बदलून घ्यायची गरज नाही.

काही वेगळ्या बाबी

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी हंगामापुरता दाखला काढू नये. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते गावच्या शाळेतून घ्यायचं, जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत दाखवायचं आणि मुलाला तिथे बसवायचं. परत आल्यावर मूल आपल्याच वर्गात येतं. दाखला काढला की नाव पटावरून कमी होतं आणि मुक्कामाच्या गावी नाव घालायचं राहिलं तर मूल कुठल्याच शाळेत राहत नाही.

दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर दाखल्यावर शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. ती इथून निघण्यापूर्वीच घ्या.

नवोदयची परीक्षा द्यायची असेल तर पाचवी कुठल्या जिल्ह्यात शिकायची ते आधी ठरवा. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात.

आता पाचवीपर्यंतच्या शाळांची ती वेगळी गोष्ट. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. तेव्हापासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पाचवीला प्रत्येक विषयात ५० पैकी १८ गुण हवेत. कमी पडले तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा होते आणि तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. तेव्हा पुनर्परीक्षा बाकी असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत थांबा आणि मग दाखल्याचा अर्ज द्या.

मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो आणि तिथेच राहतो. देण्याआधी दोन्ही बाजूंच्या चार झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये सरळ, उजेडात फोटो घेऊन ठेवा. मूळ प्रत हरवली तर जुन्या शाळेत अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देऊन दुसरी प्रत मिळते, पण तिच्यावर "दुसरी प्रत" असा शेरा असतो. पुढे कधी जुनी नोंद लागली तर दाखल्याऐवजी प्रवेश-निर्गम उतारा मागा. तो रजिस्टरच्या पानावरून थेट लिहून देतात आणि जातपडताळणीत तोच उपयोगी पडतो. त्यासाठी जनरल रजिस्टरचा नंबर आणि शाळा सोडल्याचं वर्ष एवढं सांगता आलं की पान लगेच सापडतं.