एक्सएसएलटी ३.०: आजच्या अडचणींची मुळे २.० मध्ये

एक्सएसएलटी या एक्सएमएल कागदपत्रांचे रूपांतर करणाऱ्या भाषेची १.० आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये मानक म्हणून आली. १.१ चा मसुदा २००१ मध्येच गुंडाळला गेला, २.० यायला जानेवारी २००७ उजाडला आणि ३.० साठी जून २०१७ पर्यंत थांबावे लागले. ब्राउझर मात्र १.० च्या पुढे सरकले नाहीत. म्हणून आजही बहुतेकांचा हात १.० वर बसलेला असतो आणि ते थेट ३.० ची वैशिष्ट्ये शिकायला घेतात. मधली २.० वगळली की नेमके तिथेच अडते.

१.० मध्ये व्हेरिएबलमध्ये तयार केलेल्या एक्सएमएल तुकड्यावर पाथ (आतले घटक निवडणारी, एक्सपाथ भाषेत लिहिलेली वाट) चालवता येत नसे. त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरचे (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) वेगळे नोड-सेट फंक्शन वापरावे लागे. गटवारी करायची तर 'की' आणि जनरेट-आयडी या फंक्शनांची कसरत होती. २.० ने पहिली अट काढून टाकली आणि दुसऱ्या कामासाठी फॉर-ईच-ग्रुप ही सूचना दिली. इथवर कुणाची तक्रार नव्हती.

वाद झाला तो डेटा टाइपवरून. २.० मध्ये प्रत्येक मूल्य हा एक सीक्वेन्स (क्रमवार यादी) झाला आणि त्यातल्या प्रत्येक घटकाला टाइप (संख्या, मजकूर असा प्रकार) आला. जुन्या स्टाइलशीटमधला (एक्सएसएलटीत लिहिलेल्या फाइलमधला) व्हर्जन १.० चा २.० केला की तीच ओळ वेगळे उत्तर देते. मूल्य छापणारी व्हॅल्यू-ऑफ सूचना पूर्वी पहिलाच नोड (कागदपत्राच्या झाडातला एक घटक) छापत असे, आता सगळे छापते, मध्ये स्पेस टाकून. स्कीमा (टाइप ठरवून देणारा आराखडा) नसताना दोन ॲट्रिब्यूटची 'पेक्षा लहान' अशी तुलना १.० मध्ये संख्या म्हणून होई. २.० मध्ये ती अक्षरांची होते, म्हणजे १० हे ९ पेक्षा लहान ठरते, आणि एररही येत नाही. हा सर्वांत घातक बदल. दोन्ही बाजूंना नंबर फंक्शन लावणे हा त्यावरचा सरळ उपाय. मजकुराचा तुकडा काढणाऱ्या सबस्ट्रिंगला दोन नोड दिले किंवा बेरीज करणाऱ्या समच्या यादीत एखादे मूल्य रिकामे असले तर मात्र काम थांबते. १.० अशा वेळी पहिला नोड घेऊन किंवा नॅन ('संख्या नाही' हे मूल्य) देऊन पुढे जाई.

सुसंगततेसाठी व्हर्जन १.० तसेच ठेवायची सोय दिली गेली, पण ती प्रोसेसरसाठी ऐच्छिक आहे. ज्यात ती नाही, तो प्रोसेसर एरर देतो. सोय असेल तर व्हर्जन एकेका टेम्प्लेटवरही (ठराविक नोडसाठीच्या नियमावरही) लिहिता येते. स्टाइलशीटच्या मूळ घटकावर नवी आवृत्ती आणि न तपासलेल्या टेम्प्लेटवर १.० अशी टप्प्याटप्प्याने बदली करणे सर्वांत सुरक्षित. टाइपचा जाच वाटला तरी निर्णय योग्यच होता. पॅरामीटरवर ॲज (अपेक्षित टाइप सांगणारे ॲट्रिब्यूट) लिहिले की चूक नेमकी कुठे आहे ते तिथल्या तिथे कळते, आणि ३.० मधले मॅप (नाव-मूल्य जोड्या) आणि फंक्शन आयटम (मूल्य म्हणून वापरता येणारी फंक्शने) याच पायावर उभे आहेत.

३.० च्या छोट्या सोयी लगेच उपयोगी पडतात. मोडवर (टेम्प्लेटच्या गटावर) ऑन-नो-मॅच शॅलो-कॉपी केले की सगळे जसेच्या तसे उतरवणारे आयडेंटिटी टेम्प्लेट लिहावे लागत नाही. एरर हाताळायला ट्राय आणि कॅच आहेत. एक्स्पांड-टेक्स्ट सुरू केले की मजकुरात महिरपी कंसात थेट एक्सपाथ लिहिता येतो. मात्र त्याच फाइलमध्ये सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट असेल तर तिथला प्रत्येक महिरपी कंस दुहेरी करावा लागतो किंवा तेवढ्या घटकावर ते बंद करावे लागते.

स्ट्रीमिंगला सवय बदलावी लागते. नेहमीच्या पद्धतीत संपूर्ण कागदपत्राचे झाड मेमरीत उभे राहते. स्ट्रीमिंगमध्ये फाइल एकदाच, पुढच्या दिशेनेच वाचली जाते. त्यामुळे मागच्या भावंडांकडे जाता येत नाही, एकूण किती घटक आहेत ते सांगणारे लास्ट चालत नाही, आणि एका एक्स्प्रेशनमध्ये सर्वसाधारणपणे एकदाच खाली, म्हणजे पोटघटकांकडे, उतरता येते. नोंदींच्या रकमांची सम भागिले नोंदींची काउंट, हे इतके साधे गणित नाकारले जाते, कारण ते दोनदा खाली उतरते. तेच काम ॲव्हरेज काढणारे ॲव्हजी फंक्शन एका फेरीत करते. बेरीज आणि संख्या वेगवेगळ्या हव्या असतील तर फोर्क (एकाच वाचनात अनेक कामे करणारी सूचना) किंवा मॅपमध्ये दोन्ही एकत्र काढावेत. चालू बेरजेसाठी, वाचताना मूल्य साठवत जाणारा ॲक्युम्युलेटर आहे. एका नोंदीच्या आत मागे-पुढे फिरायचे असेल तर कॉपी-ऑफ फंक्शनने तेवढीच नोंद मेमरीत घ्यावी.