भडक तेवढं विषारी?

भिंतीवर लावायला रानभूछत्रांचे फोटो काढतो म्हटलं की हमखास ऐकू येतं: ‘रंगीत ती विषारी, पांढरी खुशाल खावी.’ हे साफ चूक आहे. युरोपातल्या जंगलांतली लाल टोपीवर पांढरे ठिपके मिरवणारी देखणी अमानिटा मस्कारिया विषारी आहेच. पण माणसांचे जीव जास्त घेते ती तिच्याच कुळातली फिकट हिरवट अमानिटा फॅलॉइड्स. तिच्यातलं अमाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहसा ६ ते १२ तासांनी सुरू होतात, मग थोडं बरं वाटतं, आणि आत यकृत निकामी होत असतं! विषारी भूछत्रासोबत शिजवलेलं चांदीचं नाणं काळं पडतं, ही परीक्षाही खोटीच. नुसत्या स्पर्शाने मात्र हे विष बाधत नाही. जवळ जाऊन, गुडघे टेकून फोटो घ्या.