दारूगोळ्याची रिकामी पेटी (जिओकॅशिंगमधील वापर)

लष्कराने वापरून निकाली काढलेली, पोलादी पत्र्याची आणि झाकणाला रबरी पट्टी असलेली पेटी. उपग्रहांकडून मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशांच्या आधारे लपवलेली वस्तू शोधण्याचा जो छंद जिओकॅशिंग या नावाने ओळखला जातो, त्यात नोंदवही व अदलाबदलीच्या लहान वस्तू ठेवण्यासाठी ही पेटी विशेष पसंत केली जाते. पुण्यात तिला ‘मिलिटरीची पेटी’ किंवा नुसते ‘डिस्पोजलचा डबा’ असेही म्हणतात.

या छंदाच्या आरंभाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ इंग्लंडमधील डार्टमूर या पठारावर आहे. तेथे जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल येथे बाटली ठेवली आणि येणारे प्रवासी तीत आपली नावपत्रे टाकू लागले. दुसरे मत अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या संदेशांत स्थान ढोबळ दिसावे म्हणून हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली त्या घटनेपासून आरंभ धरते. ही चूक १ मे २००० रोजी संपल्याचे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, तर काही ठिकाणी २ मे ही तारीख दिली जाते. घोषणा १ मे रोजी झाली आणि अंमल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी सुरू झाला. तेव्हा भारतात २ मेची सकाळ, सुमारे साडेनऊची वेळ होती. म्हणून २ मे हीच तारीख स्वीकारणे योग्य. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिला साठा (शोधण्यासाठी लपवलेले, वस्तूंनी भरलेले पात्र) ठेवला आणि ‘जिओकॅशिंग’ हे नाव मॅट स्टम यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सुचवले. डार्टमूरची प्रथा नोंदवहीच्या संकेताची पूर्वज ठरते. उपकरणाने अचूक स्थान गाठण्याची कल्पना मात्र २००० पूर्वीची मानता येत नाही, असे येथे धरले आहे.

अल्मर यांचा साठा पेटीत नव्हता. तो पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या प्लॅस्टिक बादलीत होता आणि अर्धवट जमिनीत पुरलेला होता. पुरण्याची ही पद्धत पुढे निषिद्ध ठरली. जमिनीवरच उघड्या हवेत वर्षानुवर्षे टिकणारे पात्र हवे, ही गरज त्यातून पुढे आली आणि तिला पोलादी पेटीने उत्तर दिले असावे. दोन प्रकार मुख्यतः वापरले जातात. १२.७ मिमी. व्यासाच्या काडतुसांसाठीची एम-२-ए-१ ही पेटी आतून सुमारे २८ सेंमी. लांब, १४ सेंमी. रुंद व १८ सेंमी. उंच असून तीत कडीने जोडलेली १०० काडतुसे राहतात. रिकाम्या पेटीचे वजन सुमारे अडीच किलो भरते. ७.६२ मिमी. काडतुसांची एम-१९-ए-१ ही अधिक अरुंद असून तीत २०० काडतुसे मावतात. पहिलीची धारणक्षमता सुमारे ७ लिटर व दुसरीची सुमारे ४ लिटर असल्याने १ ते २० लिटरच्या ‘नेहमीच्या’ आकारवर्गात दोन्ही मोडतात. झाकण सरकवून पूर्णपणे वेगळे करता येते. पेटी मशीनगनच्या आधारचौकटीवर ठेवून काडतुसांचा पट्टा थेट तिच्यात ओढता यावा यासाठी ही सोय आहे आणि छंदाच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही. उपयोग आहे तो दाबकडीचा. ही कडी मध्यबिंदू ओलांडून बसते, त्यामुळे झाकण रबरी पट्टीवर सतत दाबलेले राहते. पेटीचे खरे मोल या पट्टीत आणि ती ज्या काठावर टेकते त्या काठात आहे, पत्र्याच्या जाडीत नाही.

‘डिस्पोजल’ हा शब्द मराठी बाजारात सैन्याच्या जुन्या मालासाठी कसा रूढ झाला, हे पाहण्याजोगे आहे. तो सर्वसामान्य इंग्रजी क्रियापदावरून आला असे वाटणे स्वाभाविक असले, तरी दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला लष्करी साठा विकण्यासाठी भारत सरकारने जे विल्हेवाट (डिस्पोजल्स) महासंचालनालय चालवले, त्याच्या नावावरून तो दुकानांच्या पाट्यांवर उतरला असावा, हे अधिक सयुक्तिक दिसते. त्याचे वारसदार असलेले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. शब्द मात्र टिकला. आज सरकारी भंगाराचे ई-लिलाव मुख्यतः १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या केंद्रीय उपक्रमामार्फत होतात.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, त्यामुळे पुण्यात पेट्या स्वस्त मिळत असाव्यात, अशी समजूत होणे शक्य आहे. ती फारशी ग्राह्य नाही. कारखान्यातून भरलेल्या पेट्या बाहेर जातात. रिकाम्या होतात त्या गोळीबाराच्या मैदानांवर आणि तुकड्यांकडे. तेथून त्या ढिगाने लिलावात निघतात, लिलावात ठोक व्यापारी उतरतात आणि एखादीच पेटी हवी असणाऱ्या ग्राहकापर्यंत माल दोन-तीन हातांतून येतो. मंगळवार पेठेजवळ बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आणि नाना पेठ, भवानी पेठ या भागांतील भंगाराची दुकाने, एवढी शोधाची व्याप्ती पुरेशी आहे. वजनावर माल घेतला तर लोखंडाच्या चालू दराला अडीच किलोने गुणून येणारी रक्कम हा भावाचा तळ समजावा. त्याहून जास्त द्यावे ते केवळ चांगल्या रबरासाठी. ‘शोभेची वस्तू’ म्हणून रंगवून मांडलेली पेटी घेऊ नये, कारण ताज्या रंगाखाली काठाचा गंज दडलेला असू शकतो.

परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी काठावर ठेवून झाकण लावावे आणि ती ओढावी. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. नंतर आत कोरडा कागद ठेवून पेटी रात्रभर पाण्याच्या पिंपात दडपून ठेवावी. दिवसा तापलेली हवा रात्री आकुंचन पावते आणि ढिल्या झाकणातून दमट हवा आत ओढून घेते, म्हणून पाऊस थेट न लागताही नोंदवही ओली होते. पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिमी., तर लोणावळ्याकडे ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. शहरातील टेकडीवर टिकलेली पेटी घाटमाथ्यावर टिकेलच असे नाही. पोचा पडलेला काठ दुरुस्त होत नाही, रबरी पट्टी बदलता येते.

खरेदीत दोन बाबी सांभाळाव्या लागतात. पेटीच्या कोपऱ्यात काडतूस राहिलेले नाही याची खात्री करावी, कारण विनापरवाना दारूगोळा बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये गुन्हा आहे. दुसरे, पावती घ्यावी. सरकारी मालाची चोरी होऊन तो बाजारात आलेला असल्यास जाणूनबुजून तो घेणाराही भारतीय न्याय संहितेखाली दोषी ठरतो.

पिवळ्या अक्षरांतील लष्करी खुणा पूर्णपणे खरवडून किंवा रंगाने झाकून टाकणे हा छंदाचा जगभरचा नियम आहे. पुण्यात त्याचे गांभीर्य अधिक आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्क येथील जर्मन बेकरीत बेवारस पिशवीतील स्फोटाने १७ जणांचा बळी घेतला आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. हिरवी पोलादी पेटी झुडपात दिसल्यावर नागरिकाने पोलिसांना कळवणे येथे पूर्णपणे रास्त आहे. त्यामुळे बाहेरून मराठीत ठळक अक्षरांत पेटीचा उद्देश लिहावा आणि जागेच्या मालकाची लेखी संमती आधी मिळवावी. वेताळ टेकडी, तळजई येथे ही संमती वनखात्याची लागते. खडकी, देहूरोड व पुणे छावणी यांच्या हद्दीजवळ पेटी ठेवणे टाळावे. राजगड, लोहगड व शिवनेरी हे किल्ले २०२५ पासून जागतिक वारसा यादीत असून संरक्षित वास्तूंत वस्तू लपवणे योग्य नव्हे. गजबजलेल्या भागासाठी तुळशीबागेत मिळणारा कड्यांचा छोटा पारदर्शक प्लॅस्टिक डबा अधिक चांगला, कारण त्यातील वही न उघडताही दिसते.