विंडो उघडलीये, पण आहे कुठे?

सॉफ्टवेअर सुरू केलं, खाली टास्कबारवर आयकॉन आलं, पण स्क्रीनवर काहीच नाही, रीस्टार्ट केलं तरी परत तेच. बऱ्याचदा ते सॉफ्टवेअर अगदी व्यवस्थित चालू असतं, फक्त त्याची विंडो अशा जागी उघडलेली असते जिथे मॉनिटरच नाहीये.

विंडोजच्या हिशोबात सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा पट. मेन मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे ०,०. उजवीकडे गेलं की आकडा वाढतो, खाली गेलं तरी वाढतोच (शाळेतल्या आलेखाच्या उलट). आता डाव्या हाताला १९२० पिक्सेल रुंदीचा दुसरा मॉनिटर लावला तर तो -१९२० पासून सुरू होतो. म्हणजे उणे आकडा आला की विंडो हरवली असं धरून चालायचं नाही, ती शेजारच्या स्क्रीनवर मस्त दिसत असेल.

मी एका दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं, त्यात बंद करताना विंडोची जागा सेव्ह व्हायची. एक दिवस मालकांचा फोन, "अहो, बिलाची विंडो उघडतच नाहीये." सेटिंगची फाइल बघितली तर एक्स -३२०००, वाय पण -३२०००! मिनिमाइज केलेली विंडो विंडोज तिकडे लांब नेऊन ठेवतं, आणि त्यांनी मिनिमाइज असतानाच टास्कबारवरून राइट क्लिक करून ती बंद केली होती, मग माझ्या कोडने तीच जागा खरी समजून लिहून ठेवली.

म्हणून जागा विचारायच्या आधी अवस्था विचारायची: मिनिमाइज आहे, मॅक्सिमाइज आहे की नॉर्मल. गेटविंडोप्लेसमेंट नावाचं फंक्शन अवस्था तर सांगतंच, शिवाय विंडो नॉर्मल झाल्यावर कुठे बसेल तो चौकोनही देतं, सेव्ह करायचा तो हाच. पण तेवढ्याने भागत नाही, कारण ऑफिसात दोन मॉनिटरवर काम करणारा माणूस घरी नुसता लॅपटॉप उघडतो. त्यामुळे उघडताना विंडोजच्याच मॉनिटरफ्रॉमरेक्ट नावाच्या दुसऱ्या फंक्शनला विचारायचं, हा चौकोन आत्ता कुठल्या मॉनिटरवर येतोय का? उत्तर रिकामं आलं तर विंडो सरळ मेन मॉनिटरवर आणायची. माझ्या मते हा चेक नसेल तर जागा सेव्हच करू नये.

आणि तुमचीच एखादी विंडो अशी गायब झाली असेल तर टास्कबारवरून ती निवडा, आल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग कुठलंही एक बाणाचं बटण, आणि माउस हलवा. विंडो कर्सरला चिकटून येते.