गळाच्या दोरीतला पीळ आणि स्विव्हलची जन्मकथा

गळ, दोरी, वजन आणि आमिष, एवढ्यावर माणसाने हजारो वर्षे मासे धरले. जपानमधल्या ओकिनावाच्या साकितारी गुहेत शंखापासून घासून केलेले गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. दोरीच्या मधोमध फिरती कडी, म्हणजेच स्विव्हल, बसवायची गरज मात्र फार उशिरा वाढली, कारण तळाशी पडून राहणारे आमिष दोरीला पीळ देत नाही. पीळ देते ते गरगरणारे आमिष.

फिरती कडी ही युक्ती तशी जुनी. मध्ययुगीन युरोपात शिकारी ससाण्याच्या पायातल्या वाद्या गुरफटू नयेत म्हणून ती वापरत. मासेमारीत तिचे महत्त्व एकदम वाढले ते १९व्या शतकात. १८५२ साली अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएलने धातूच्या चमच्याचे, म्हणजे चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे, पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये डेव्हन मिनो हा छोट्या माशासारखा नकली आमिषाचा प्रकार लोकप्रिय झाला. पाण्यातून ओढताना फिरणे हाच या आमिषांचा गुण, आणि तोच दोरीचा शत्रू.

त्यात रीळ बदलले. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलकने १८८४ मध्ये आडवे वळवता येणारे रीळ आणले. फेकताना दोरी रिळाच्या तोंडावरून सुटे, गुंडाळताना रीळ पुन्हा सरळ करत. फेक लांब जाई, पण सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यामागे दोरीला एक पीळ पडे आणि परतताना तो उलगडत नसे. १९०५ मध्ये अल्फ्रेड इलिंगवर्थच्या पेटंटने हा हिशेब जुळवला: रीळ स्थिर, दोरी त्याभोवती फिरवून गुंडाळायची, म्हणजे जाताना पडलेला पीळ येताना निघतो. आजचे स्पिनिंग रीळ याच घराण्यातले.

तरीही पीळ संपला नाही, आणि इथेच आजही बहुतेकांची गल्लत होते. जोरदार मासा ड्रॅगवर (जास्त ओढ बसली की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) दोरी ओढून नेत असताना आपण रिळाची मूठ फिरवत राहिलो, तर दोरी आत येतच नाही, नुसती पिळत जाते. ५:१ गिअर असलेल्या रिळावर मुठीच्या एका फेऱ्याला पाच पीळ! हा दोष हाताचा आहे, स्विव्हल कितीही महाग घेतली तरी तो पुरता भरून निघत नाही. १९३८ मध्ये जाहीर झालेला नायलॉन पुढे मासेमारीत आला, तेव्हा तर हे जास्तच जाणवू लागले. एकेरी नायलॉन धागा रिळावरची वळणे लक्षात ठेवतो, आणि सैल सोडला की लगेच वेटोळी घालतो.

साधी नळीची स्विव्हल ताण आला की घर्षणाने अडते. म्हणून बॉल बेअरिंगची स्विव्हल निघाली. ती ओढ असतानाही फिरते. फिरत्या चमच्यासाठी माझी पसंती निःसंशय तिलाच, तळाच्या गळाला मात्र तो खर्च उगाच. स्नॅपमुळे, म्हणजे उघडबंद होणाऱ्या छोट्या आकडीमुळे, दर वेळी गाठ न बांधता आमिष बदलता येते, पण हलक्या आमिषाला जड स्नॅप लावला तर त्याची चालच मरते.

कोकणात खडकांवरून गरवणारी तरुण मंडळी आता तांबोशी, जिताड्यासाठी स्पिनिंग रीळच वापरतात. त्यांनी स्विव्हल चमच्याला चिकटून न लावता लीडर (आमिषाकडचा दोरीचा वेगळा तुकडा) आणि मुख्य दोरीच्या सांध्यावर लावावी. दोरी आधीच पिळली असेल तर टोकाचे सगळे सोडून ती मोकळीच वाहत्या पाण्यात लांबवर सोडावी आणि बोटांत हलकी दाबून परत गुंडाळावी.